देवघरातल्या तेलाच्या टाक्या

आमच्या देवघरात, तुळजाभवानी आणि खंडोबाच्या मधोमध, तेलाच्या टाक्यांचा फोटो आहे.

फोटो चांगला मोठा आहे, काचेच्या फ्रेममधला. त्यात समुद्र आहे, समुद्राच्या पलीकडं एक ठेंगणा डोंगर आहे, डोंगरावर गोल गोल टाक्या आहेत आणि अलीकडं माझे सासू-सासरे हातात तांब्या धरून उभे आहेत. (खालच्या कोपऱ्यात एक तांबूस गोळा आहे, त्याचं नंतर सांगते.) ह्या फोटोला रोज सकाळी हळदकुंकू लागतं आणि सोमवारी बेल वाहिला जातो. येणारे-जाणारे विचारतात, "ह्यो कुठला देव?" मी म्हणते, "मुंबईचा," आणि चहा ठेवायला आत पळते.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी आबांचं सांगावं लागतं. आबा म्हणजे माझे सासरे. आमचं गाव सास्तूर, भूकंपात पडलेलं आणि पुन्हा वसवलेलं. त्या पहाटे आमचं जुनं दगडी घर खाली आलं आणि आबांची आई त्यात गेली. माझ्या सासूबाई, म्हणजे माय, लेकराला घेऊन माहेरी गेल्या होत्या आणि आबा शेतात राखणीला होते, म्हणून घरातले बाकीचे वाचले. तेव्हापासून आबांचा नियम आहे. पत्र्याखाली जेवण, स्लॅबखाली चहा, दगडाखाली पाऊल नाही. झोपणं तर अंगणातच, बाजेवर, आभाळाखाली. आम्ही कुणी त्यांना समजवायला गेलो नाही. ज्याचं गेलंय त्याला काय समजवायचं?

पण अडचण अशी की आमच्या भागातले सगळे देव दगडाखाली बसलेत. त्यामुळं आबा कुठल्याही देवळात आत जात नाहीत. बाहेर उभं राहून कळसाला हात जोडतात आणि आमच्या चपला सांभाळतात. तुळजापूरला तर इतक्या वेळा चपला राखत बसलेत की अनोळखी माणसंसुद्धा "बाबा, एवढ्या बघा हं," म्हणून त्यांच्यापुढं चपला काढून जातात. आबा बघतात बिचारे. एकदा एका बाईनं परत येऊन हातावर प्रसाद ठेवला, तर म्हणाले, "तुमची डावी वहाण तुटायलीय, अंगठा शिवून घ्या."

आणि माय आत एकटी. आता अभिषेकाला, पूजेला जोडीनं बसायचं असतं. नवऱ्यानं पाणी घालायचं आणि बायकोनं त्याच्या हाताला हात लावायचा. गुरुजी विचारायचे, "यजमान?" माय म्हणायची, "भाईर हायत." मग गुरुजी यजमानांच्या जागी सुपारी मांडायचे. माझं लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हापासून बघतेय, प्रत्येक पूजेला आमचे आबा सुपारी म्हणून हजर असतात. माय त्या सुपारीला बोट लावून बसते आणि पूजा झाली की तिला पदरात बांधून घरी आणते. घरात आबांना चिडवायचं झालं की आमचे हे हळूच म्हणतात, "सुपारी आली का जेवायला?"

मायचं जगाकडं एकच मागणं होतं. भाकरी थापता थापता ती सांगायची, "एकदा तर जोडीनं देवाला पाणी घालीन गं. ह्यांच्या हाताला हात लावून. मंग देवानं कवाबी न्यावं." मी म्हणायची, "माय, कुठं न्यावं-बिवं काढता." पण मला ते लागायचं. मी सास्तुरात बायकांचे ब्लाउज शिवते. कुणाला काय कमी पडतंय ते मला बघताक्षणी कळतं, आणि मायला नेमकं काय कमी पडतंय तेही कळत होतं. फक्त ते कुठल्या दुकानात मिळत नव्हतं.

तेवढ्यात माझ्या भावानं, बाळूनं, मुंबईला फ्लॅट घेतला आणि वास्तुशांतीला सगळ्यांना बोलावलं. माझ्या डोक्यात लगेच घारापुरी आलं. शाळेच्या पुस्तकात तीन तोंडांच्या महादेवाचं चित्र होतं, ते कधी तरी डोळ्यांनी बघावं असं फार मनात होतं. बेट आहे, बोटीनं जायचं, संध्याकाळपर्यंत परत. मी अंगणात जाहीर करून टाकलं.

"दिवस मोडून, पाण्यावर जीव टांगून बेटावर जायचं," माय शेंगा फोडत म्हणाली, "आसं हाय तरी काय तिथं?"

आमच्या ह्यांनी फोन काढला. हे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग भरून देतात आणि शब्द असे वापरतात की जणू प्रत्येक शब्दागणिक तांब्याची तार खर्च होते. पण फोनवरचं वाचून दाखवायला त्यांना आवडतं.

"एकानं लिहिलंय, 'हे बेट बघितलं नाही तर मुंबई बघितलीच नाही.' दुसऱ्यानं लिहिलंय, 'बेट बघण्यापेक्षा हॉटेलात झोपा.'"

"मंग खरं काय?" माय म्हणाली.

"एकाचा चष्मा माकडानं नेलाय."

"कुणाचा? पैल्याचा का दुसऱ्याचा?"

"तिसऱ्याचा."

"बघा," माय म्हणाली, "तिघंजण गेले, त्यात एकटाच सुखी. ऱ्हाऊ द्या ते बेट. बाळूच्या घरी निवांत बसू."

मी म्हणाले, "माय, महादेव आहे तिथं. अख्ख्या डोंगरात कोरलेला."

अंगणातल्या बाजेवर आबा पडले होते. मला वाटलं झोपलेत. तिकडनं आवाज आला, "कोरल्याला का रचल्याला?"

"कोरलेला, आबा. दगडावर दगड ठेवलेलाच नाही. एकच डोंगर आतून पोखरलाय."

आबा उठून बसले. टोपी नीट केली. "मंग त्यो पडायचा न्हाई," ते म्हणाले.

मायच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तुमी आत येताल?"

"रचल्याला आसता तर आलो नसतो. कोरल्याल्यात यायला काय?"

माय उठून आत गेली, पाण्याच्या माठापाशी जरा वेळ उभी राहिली, पदरानं तोंड पुसलं आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "बेटावर उपासाचं काय मिळतंय का, का हितनंच लाडू घ्यायचे?" झालं. बेटावर जावं की नाही, हा प्रश्न आमच्या घरात असा सुटला. फोनवरचं कोण काय म्हणतंय ते पुन्हा कुणी विचारलं नाही.

आम्ही मात्र एका ठिकाणी अडलो. अडलो म्हणजे हे अडले.

"कवा जायचं?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी," मी म्हणाले. महादेवाला सोमवार सोडून दुसऱ्या कुठल्या वारी जातात काय? रविवारी वास्तुशांती, सोमवारी बेट, सोमवारी संध्याकाळी परतीची गाडी. मापात बसवल्यासारखं बसत होतं.

"एका बाईनं लिहिलंय, सोमवारी जाऊ नका."

"बरोबरच लिहिलंय तिनं. परळीला, औंढ्याला सोमवारी मुंगीला वाट नसते. मुंबईत तर विचारूच नका. गर्दीत सापडली असंल बिचारी."

"पण ती म्हणती..."

"आपण सकाळी लवकर निघू. ती उशिरा गेली असंल."

ह्यांनी फोन खिशात घातला. ह्या माणसाचा स्वभाव असा गरीब आहे म्हणून आमचा संसार टिकलाय, आणि म्हणूनच असले प्रसंगही ओढवतात.

मायनं तयारी सुरू केली. आमच्याच झाडाचा बेल ओल्या फडक्यात बांधला. देवघरातला तांब्या घासून लख्ख केला. आमच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून घेतलं. (मी म्हणाले, "समुद्रात जातोय आपण, पाण्याला काय तोटा?" तर म्हणाली, "खारं पाणी घालतेत व्हय देवाला?") कडक भाकरी, शेंगाची चटणी, तिच्या उपासाचे शेंगदाण्याचे लाडू. आणि सगळ्यात शेवटी, मी बघत नाही असं बघून, पदराच्या गाठीत एक सुपारी.

"माय, सुपारी कशाला? आबा आत येणार आहेत ना?"

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पाय मागं फिरला ह्यांचा तर? मला ह्या वयात देवापुढं मोकळ्या हातानं बसवायचं न्हाई."

मुंबईला वास्तुशांती छान झाली. आबांनी स्लॅबखाली चहा घेतला, जेवणही केलं (भावाचं घर म्हणून एवढी सूट) आणि झोपायला गच्चीवर गेले. सकाळी बघतो तर वॉचमन, लिफ्टवाला आणि आबा असे तिघं गच्चीवर बसून ज्वारीच्या भावावर बोलत होते. बाळू म्हणाला, "ताई, मी इतकी वर्षं मुंबईत आहे, मला इथलं एक बेट माहीत नाही. गेटवेला जा, बोटी असतात, बसा." आणि कामावर निघून गेला. मुंबईत राहणाऱ्या माणसाला मुंबईचं विचारू नये, हे मला त्या दिवशी कळलं.

गेटवेला पोचलो तर पहिला घोळ तिथंच. ती एवढी थोरली कमान दगडाची आहे. आबांनी ती पायापासून शेंड्यापर्यंत न्याहाळली आणि म्हणाले, "रचल्याली हाय." मग आम्ही चौघं तिला लांबून वळसा घालून, कबुतरांच्या मधून, समुद्राच्या कडेला गेलो.

मायनं जन्मात पहिल्यांदा समुद्र बघितला. आमच्याकडं पाणी म्हणजे विहीर, फार तर तेरणेचं धरण. ती कठड्याला धरून बराच वेळ उभी राहिली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि हळूच मला विचारलं, "ह्येला बांध कुठाय गं?"

"नाही, माय. ह्याला बांध नाही."

"मंग भांडणं न्हाईत," ती म्हणाली आणि पुन्हा बघत राहिली. आबा समुद्राकडं बघत नव्हते. ते मायच्या तोंडाकडं बघत होते. मला वाटलं, बोटीला भ्यालेत.

गर्दी अजिबात नव्हती. मी ह्यांना कोपरानं ढोसलं, "बघा, लवकर आलो म्हणून." ह्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. समोर एक बोट लागली होती, माणसं चढत होती, एकजण "चला, चला, निघाली," असं ओरडत होता. मी तिकिटं काढली, सगळ्यांना चढवलं. कुठं जाते हे विचारलं नाही. बेटावर जायचं तर बोटीनं जायचं आणि ही बोट आहे, एवढं मला पुरेसं वाटलं. आबा खालच्या मजल्यावर बसेनात, म्हणून आम्ही वर मोकळ्यात गेलो.

बोट हलली. मायनं एका हातानं कठडा आणि दुसऱ्या हातानं माझा दंड असा धरला की दोन दिवस वळ होता. पण वारं लागलं, गेटवे बारीक व्हायला लागलं, तशी तिची पकड सैल झाली. मग मी माझं काम सुरू केलं, म्हणजे माहिती द्यायचं. मला माहिती नसली की मी जास्त चांगली माहिती देते. थोड्या वेळानं लांब पाण्यात एक डोंगर दिसायला लागला.

"तो बघा, माय. तोच महादेवाचा डोंगर."

मायनं पदर डोक्यावर घेतला.

"डोंगरावर त्ये गोल गोल काय हाय?" आबांनी विचारलं.

"घुमट असतील देवळाचे."

"लई घुमट हायत."

"मोठा देव आहे, आबा."

आबा "हूं" म्हणाले. ह्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि दुसरीकडं बघायला लागले.

तेवढ्यात माय उठून उभी राहिली. बोट हलत होती, तीही हलत होती, पण तिचं काहीतरी ठरलं होतं. "अवो," ती आबांना म्हणाली, "उठा."

"का गं?"

"तिथं आत गेल्यावर तुमचा पाय मागं फिरला तर? हितं डोस्क्यावर कायबी न्हाई. दगूड न्हाई, पत्रा न्हाई. समोर देव हाय. हितंच पाणी घालू."

आबांनी वर बघितलं. वर नुसतं आभाळ होतं. ते उठले. एका हातानं कठडा धरून मायच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मायनं बाटलीतलं पाणी तांब्यात ओतलं, तांब्या त्यांच्या हातात दिला आणि आपला हात त्यांच्या हाताला लावला. आबांनी तांब्या तिरका केला. आमच्या विहिरीचं पाणी समुद्रात पडायला लागलं.

माझ्या डोळ्यांना धड दिसत नव्हतं. मी रडत होते, खोटं कशाला सांगू? तशातच ह्यांच्या हातातला फोन घेऊन मी फोटो काढला. फोटो काढताना आपलं बोट कुठं आहे ते बघावं, असं ह्यांनी मला हजारदा सांगितलंय.

मग बेल. मायनं बेल डोंगराच्या दिशेनं वाहिला आणि वाऱ्यानं तो जसाच्या तसा परत पाठवला. एक पान ह्यांच्या चष्म्याला चिकटलं, एक मागं बसलेल्या गुजराती काकांच्या वेफर्सच्या पुडीत पडलं. काकांनी ते काढून डोळ्यांना लावलं आणि खिशात ठेवलं. भला माणूस.

शेवटी मायनं पदराची गाठ सोडली. सुपारी काढली, जरा वेळ तळहातावर धरली आणि दिली समुद्रात फेकून.

"आता हिचं काम न्हाई," ती म्हणाली.

"बरं झालं," आबा म्हणाले, "लई वर्सं माज्या जाग्यावर बसली व्हती."

तेवढ्यात बोट वळली.

आधी मला वाटलं, बेटावर उतरवायला वळसा घेतेय. पण डोंगर डाव्या हाताचा मागं गेला आणि समोर गेटवे मोठं व्हायला लागलं. मी बोटीवरच्या माणसाकडं गेले. "दादा, बेट राहिलं की मागं."

"कुठलं बेट?"

"घारापुरी."

"आज सोमवार आहे, ताई. सोमवारी लेणी बंद. तिकडं बोट जात नाही. ही नुसती फेरीची बोट आहे, समुद्रात फिरवून आणते."

"बंद? महादेव सोमवारी बंद?"

"दर सोमवारी."

माझ्या पायांखालची बोट सरकली. तरी मी धीर धरून विचारलं, "मग तो डोंगर? घुमटांचा?"

"घुमट कुठले? तेलाच्या टाक्या आहेत त्या. दुसरंच बेट आहे ते. तिथं कुणाला सोडत नाहीत."

मी मागं बघितलं. हे उभे होते. त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. त्या बाईनं लिहिलेलं पूर्ण वाक्य त्यात होतं: सोमवारी जाऊ नका, लेणी बंद असतात. 'मी म्हणलो होतो' हे तीन शब्द त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होते, पण ते बोलले नाहीत. त्यांनी बोललेलं परवडलं असतं.

आता काय करायचं? सांगायचं? सुपारी तर बुडाली होती. माय बाकावर बसून रिकाम्या तांब्याभोवती फडकं गुंडाळत होती आणि तिच्या तोंडावर असं काही होतं की मी एवढ्या वर्षांत ते कधी बघितलं नव्हतं. मी जाऊन त्यांच्यापुढं उभी राहिले आणि म्हणाले, "सोमवारी हा देव लांबनंच दर्शन देतो. जवळ कुणाला सोडत नाहीत." (ह्यातलं दुसरं वाक्य खरं होतं.)

"बरं," माय म्हणाली.

"बरं," आबा म्हणाले.

एवढ्या लवकर पटलं तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती. पण मी सुटकेचा श्वास सोडण्यात गुंतले होते. धक्क्यावर उतरलो तेव्हा माय इकडंतिकडं बघत म्हणाली, "निगालो तिथंच आलो की. बेटावर उतरायचं ऱ्हाईलंच."

तेव्हा आमच्या ह्यांनी त्या दिवसातलं एकुलतं एक मोठं वाक्य खर्च केलं. "मुंबई बी बेटच असतंय, माय. तीन दिवस झालं, आपण बेटावरच ऱ्हायलाव." ह्या माणसाशी लग्न केल्याचं समाधान मला तेव्हा जेवढं झालं तेवढं लग्नातही झालं नव्हतं.

गावी आल्यावर आळीतल्या बायका जमल्या. कुणाची लेक मुंबईला, कुणाचा भाचा, सगळ्यांना एकच विचारायचं होतं. "माय, बेटावर जावं का?"

"जावं," माय ठासून म्हणाली. "पर उतरायची गरज न्हाई."

मग फोटो मोठा करायचं निघालं. लोहाऱ्याला फोटोवाल्याकडं मी मायला घेऊन गेले. त्यानं कॉम्प्युटरवर फोटो लावला आणि म्हणाला, "मावशी, मागच्या टाक्या काढून टाकू? मस्त सूर्य टाकतो मावळतीचा." माझा जीव टांगणीला. मी म्हणाले, "टाका, टाका." माय म्हणाली, "काय काढायचं न्हाई." "बरं, हा कोपऱ्यात अंगठा आलाय कुणाचा तरी, तो तरी..." "देवाच्या फोटूतलं काय काढायचं नसतंय," माय म्हणाली. झालं, सगळं तसंच्या तसं फ्रेममध्ये बसलं आणि देवघरात गेलं.

तिथून पुढं माझे हाल. रोज सकाळी माय टाक्यांना कुंकू लावते आणि मी मशीनवर बसून ओठ चावते. सांगावं तर तिची जोडीची पूजा मोडते, न सांगावं तर म्हातारीला तेलाच्या टाक्या पुजायला लावल्याचं पाप. दोन वेळा माझ्याकडून बाह्या उलट्या जोडल्या गेल्या. ह्यांना विचारलं, "काय करू?" ते म्हणाले, "गप्प ऱ्हा." त्यांचा हा सल्ला सगळ्याच प्रश्नांना असतो, पण ह्या वेळी मी तो मानला.

परवा औशाकडची एक बाई ब्लाउज टाकायला आली. गप्पांत मुंबईचं निघालं, कोरलेल्या महादेवाचं निघालं. ती हसायला लागली. "आगं बाई, कोरल्याला म्हादेव बघायला मुंबईला गेलाव? आमचं खरोसा काय लांब हाय? डोंगरात लेण्या हायत, म्हादेव हाय, समदं हाय. तुमच्या सास्तुरातनं सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला माघारी." माझ्या हातातली सुई सरळ बोटात गेली.

ती गेल्यावर मी उठले. म्हणाले, आता बास. खऱ्या महादेवापुढं दोघांना जोडीनं बसवायचं आणि पाप फेडायचं. अंगणात आबा बाजेवर बसून दोरी वळत होते.

"आबा, खरोशाला कोरलेली लेणी आहेत म्हणं. महादेवाची."

"हायत की. बारका असताना बैल घेऊन जायाचो तिकडं."

"तुम्हाला माहीत होतं? मग मुंबईपर्यंत कशाला..."

आबांनी दोरीला पीळ दिला. "खरोशाला समुद्र कुठाय?" ते म्हणाले. "नवं लगीन झालं तवा तिला म्हणलो व्हतो, एकदा समुद्र दाखवीन. मंग भूकंप झाला, समदंच ऱ्हाऊन गेलं. समुद्र बघाया चल म्हणलं तर ती आली आसती व्हय? 'दिवस मोडून कशाला' म्हणली आसती. देवाला म्हणलं की ती कुठंबी येती."

मी बाजेच्या कडेला बसले. "आणि लेणी उघडी असती तर? आत गेला असता?"

आबांनी दोरीचा पीळ बोटानं चाचपला. "गेलो आसतो बहुतेक," ते म्हणाले. "पर सोमवार निगाला त्ये लई बरं झालं."

सोमवार निघाला? मी सावध झाले. "आबा, तुम्हाला... म्हणजे ते घुमट..."

"पोरी, म्हादेवाला एवढं घुमट कशाला लागतेत? टाक्या व्हत्या त्या. मला काय डोळे न्हाईत व्हय? पर तिनं हात धरला व्हता. म्हणलं, धरू दे."

"हळू बोला," मी म्हणाले, "माय ऐकतील."

"मायला म्हाईत हाय," आतून आवाज आला. माय देवघरातून बाहेर आली, हातात कुंकवाची कोयरी. "त्यो बोटवाला सांगत व्हता तवा मी तुज्या मागंच व्हते. तू यिऊन काय सांगतीस त्ये ऐकायला परत बाकावर जाऊन बसले."

"म्हणजे तुम्ही रोज... टाक्यांना... जाणून-बुजून?"

"टाक्यांना कोण करतंय?" माय म्हणाली. "टाक्या मागं आल्यात. फोटू आमचा दोघांचा हाय. जोडीनं पाणी घातल्याला." मग आबांकडं वळून म्हणाली, "खरोशाचं ऐकलंय मी. जाऊ. आता सुपारी न्हाई, तुमालाच बसावं लागंल."

आबांनी दोरी खाली ठेवली, आभाळाकडं बघितलं आणि म्हणाले, "कोरल्याला हाय. बघू."

म्हणजे एवढे दिवस मी एकटीनं छातीवर दगड ठेवून जे गुपित सांभाळत होते, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. मी तणतणत देवघरात गेले. फोटो नीट बघितला. टाक्यांवर कुंकवाचा ठिपका नव्हताच कधी. एक मायच्या कपाळावर होता, एक आबांच्या. आणि तिसरा खालच्या कोपऱ्यात, त्या तांबूस गोळ्यावर. मला इतके दिवस वाटायचं, तिला तो गणपती वाटतोय.

"माय," मी आतूनच विचारलं, "ह्याला कशाला कुंकू लावता? हा तर माझा अंगठा आहे."

"म्हाईत हाय मला," माय म्हणाली. "म्हणून तर लावते."

तेव्हापासून सकाळची आरती झाली की मी लांबूनच त्या फोटोला हात जोडते. अंगठा तेवढा मुठीत दाबून घेते. स्वतःच स्वतःच्या पाया पडलेलं बरं दिसत नाही.